ग्रब दुरुस्त करणाऱ्या त्या दोघांचे आभार

संगणक चालू होताच लिनक्स सुरू करून देणारा ‘ग्रब’ हा प्रोग्राम बिघडून माझा संगणक अडला, तेव्हा कोल्हापूरच्या राजारामपुरीत पेनड्राइव्ह घेऊन धावून आलात आणि नाव न सांगताच गेलात, म्हणून तुम्हा दोघांचे हे जाहीर आभार. ‘फॉरमॅट मारा’ म्हणणारे गल्लोगल्ली भेटतात. तुम्ही आधी ‘ग्रब रेस्क्यू’च्या काळ्या पडद्यावर ‘एलएस’ (डिस्कच्या भागांची यादी दाखवणारी आज्ञा) टाइप करायला लावलंत. पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या भागाचा, क्रमांक तेवढा बदलला होता, डेटा जागच्या जागी होता! ‘प्रीफिक्स’मध्ये, म्हणजे ग्रबच्या फायलींच्या पत्त्यात, नवा क्रमांक, मग मेनूचा भाग लोड करणारं ‘इन्समॉड नॉर्मल’, मग ‘नॉर्मल’, की मेनू हजर. पण हे एका बूटपुरतंच, हे बजावलंत ते बरं केलंत.

पक्कं काम उबंटू या लिनक्सच्या लाइव्ह (डिस्कवर न बसवता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून, तोही यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी व्यवस्था) मोडमध्येच सुरू करून. नाहीतर ग्रब बसवणारी ‘ग्रब-इन्स्टॉल’ आज्ञा जुन्या बायोसचं ग्रब बसवू पाहतं. रूट (लिनक्सचं मुख्य पार्टिशन) ‘एमएनटी’ फोल्डरवर माउंट म्हणजे जोडलेलं, बूटच्या फायलींचं फॅट३२ ईएफआय पार्टिशन त्याच्या आतल्या ‘बूट/ईएफआय’वर. हे राहिलं तर ‘ईएफआय डिरेक्टरी सापडत नाही’ म्हणून गाडं अडतं. चालू सिस्टिमचे ‘डेव्ह’, ‘प्रोक’ फोल्डर तिथे साधे बाइंड (जोडलेले), ‘सिस’ मात्र आरबाइंड (आतल्या जोडण्यांसकट), कारण ईएफआय व्हेरिएबल्स (बूटच्या नोंदी) त्याच्या पोटात असतात. मग सीएचरूट (डिस्कवरच्या लिनक्सच्या आत शिरणं), ग्रब-इन्स्टॉल आणि मेनू नव्याने बनवणारं अपडेट-ग्रब.

पैसे घेतले नाहीत, निदान मिसळ खायला तरी या.