हप्ता कॅलेंडर बघून नको, बाजार बघून ठरवा

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

विषय : म्हसवडच्या चेतना गाला सिन्हा यांच्या कामाच्या आधारे छोट्या कर्जांच्या नियमांत करावयाच्या दुरुस्त्या

महोदया,

आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला पहाटे रोकड लागते. घाऊक व्यापारी उधारीवर माल देत नाही. मग बाजारातच उभा असलेला सावकार हजार रुपये बोलतो, शंभर आधीच कापून घेतो आणि नऊशे तिच्या हातावर ठेवतो. संध्याकाळी पाल उठायच्या आत हजार परत करायचे. नऊशेवर शंभर, म्हणजे एका दिवसाला अकरा टक्के. वर्षाचे ५२ बाजार धरले तर नऊशेच्या भांडवलापायी ५,२०० रुपये व्याजात जातात आणि वर्ष सरले तरी भांडवल तिचे झालेले नसते. तेच नऊशे वर्षभर २४ टक्के दराने वापरले असते तर व्याज २१६ रुपये झाले असते.

हा हिशेब तिला कळत नाही म्हणून ती सावकाराकडे जाते, असा समज दिल्लीत असेल तर तो कृपया सोडून द्यावा. हिशेब तिला तोंडपाठ असतो. सावकार पहाटे पाचला भेटतो, बँक दहाला उघडते. सावकाराचा हप्ता गल्ला हातात असताना असतो, बँकेचा महिन्याच्या पाच तारखेला. घोडे इथेच अडते.

ही अडचण सर्वात नीट ओळखली ती साताऱ्याच्या माण तालुक्यात. चेतना गाला सिन्हा मुंबईत वाढल्या, तिथेच अर्थशास्त्र शिकल्या, जयप्रकाश नारायणांच्या चळवळीत उतरल्या आणि शेतकरी-कार्यकर्ते विजय सिन्हा यांच्याशी लग्न करून १९८०च्या दशकात म्हसवडला राहायला आल्या. माणदेश म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस बेभरवशाचा, शेळ्या-मेंढ्यांवर घर चालणारे, पुरुष कामासाठी मुंबईकडे गेलेले. रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता आणि त्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे होते. बँकेने एवढ्या लहान रकमेचे खाते उघडायला नकार दिला. तिने कर्ज मागितले नव्हते, स्वतःचेच पैसे सुरक्षित ठेवायला जागा मागितली होती. माणदेशी महिला सहकारी बँकेची कल्पना तिथून निघाली.

पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला. प्रवर्तक म्हणून सह्यांऐवजी अंगठे होते, हे कारण. बायकांनी साक्षरतेचे वर्ग लावले, दिवसभराचे काम आटोपून त्या अक्षरे गिरवायला बसल्या आणि पाचेक महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. त्यांचे म्हणणे सरळ होते. आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, तो दोष आमचा नाही. पण आम्हाला मोजता येते. कोणत्याही मुद्दलाचे व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी कॅल्क्युलेटर न घेता ते काढावे. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. ग्रामीण बायकांनी, ग्रामीण बायकांसाठी चालवलेली देशातली ती पहिली सहकारी बँक मानली जाते.

पुढचे तपशील धोरण आखणाऱ्याने सावकाश वाचावेत. बँकेत यायचे तर दिवसाची मजुरी बुडते, असे ग्राहक बायकांनी सांगितले. बँकेचे कर्मचारी त्यांच्या दारात जाऊ लागले. डिजिटल व्यवहार सुरू करताना बँकेने पिन नंबर द्यायचे ठरवले, तेव्हा बायकांनी तो साफ नाकारला. पिन कोणीही बघून, विचारून, दटावून काढून घेऊ शकतो. अंगठा चोरता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. बँकेने बोटाच्या ठशावर व्यवहार बसवले. ज्या अंगठ्यामुळे अर्ज फेटाळला गेला होता, तोच अंगठा ग्राहकाच्या सांगण्यावरून बँकेचे कुलूप झाला. २००६ पासून बायकांसाठी उद्योगाचे शिक्षण, मग गावोगाव फिरणारी बस, २००८ मध्ये माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र, २०१२-१३च्या दुष्काळात जनावरांची छावणी, अशी कामे वाढत गेली. २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षांत चेतना सिन्हा होत्या. त्यांच्या सत्काराविषयी हे पत्र नाही. ग्राहकाने सांगायचे आणि बँकेने आपला कारभार बदलायचा, ही त्यांची रीत नियमांत यावी, एवढ्यासाठी लिहीत आहोत.

पहिली गोष्ट हप्त्याची. रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ रोजी सूक्ष्म कर्जांचे निर्देश काढले. वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे विनातारण कर्ज त्यात येते. सर्व कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नसावेत, मुदतीआधी फेडल्यास दंड नको, उशीर झाल्यास दंड फक्त थकलेल्या रकमेवर, वसुलीचे फोन सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर नकोत, हे सगळे चांगले आहे. त्यातच आणखी एक तरतूद आहे : कर्जदाराच्या गरजेप्रमाणे हप्त्याचा कालावधी ठरवण्याची सवलत देणारे धोरण प्रत्येक संस्थेच्या संचालक मंडळाने करावे. धोरण करून फाइलला लागते. कर्जदाराला असे काही मागता येते, हे तिला कोणी सांगत नाही, कारण शाखेतल्या संगणकात ठरावीक साचे भरलेले असतात आणि बाजारच्या वाराचा साचा त्यांत नसतो.

यातून काय बिघडते, ते दोन उदाहरणांतून बघावे. पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या केंद्राच्या कर्जयोजनेत पहिले कर्ज आता १५,००० रुपयांपर्यंतचे आहे आणि फेड महिन्याला. नुसते मुद्दल धरले तरी महिन्याला १,२५० रुपये. बाजारच्या दिवशी द्यायचे तर तेच २९० रुपयांच्या आत बसते. विक्रेतीकडे एकरकमी साडेबाराशे क्वचितच पडून असतात, कारण आजचा गल्ला म्हणजे उद्याचा माल. पाच तारखेला खात्यातून आपोआप वजावट लागते, खात्यात शंभर रुपये कमी पडतात, वजावट परत जाते. मग तिची बँक वजावट परतल्याचे शुल्क लावते आणि कर्ज देणारी संस्था वेगळे. शंभर रुपये कमी पडल्याबद्दल काही शे रुपये जातात आणि पतनोंदीत डाग राहतो तो वेगळाच.

दुसरे उदाहरण शेळीचे. शेळी गाभण राहिल्यापासून विण्यापर्यंत पाच महिने. करडू विकण्याजोगे व्हायला आणखी पाच-सहा. पहिला पैसा दहा-अकरा महिन्यांनी दिसतो आणि हप्ता दुसऱ्या महिन्यापासून सुरू होतो. मग बाई काय करते? दोन-तीन हप्ते मजुरीतून भरते, चौथ्याला दुसरे कर्ज काढते, नाही जमले तर शेळीच विकते. कर्ज ज्या शेळीसाठी घेतले तीच कर्जाच्या हप्त्यात गेली, तर हिशेबाच्या वहीत वसुली पूर्ण दिसते आणि गोठा रिकामा असतो. आकडेवारीत हे कर्ज यशस्वी म्हणून मोजले जाते, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

म्हणून मागणी अशी. हप्त्याचा कालावधी ठरवणे हा कर्जदाराचा हक्क करावा, मंडळाच्या मर्जीवर ठेवू नये. रोज, बाजारच्या वारी, महिन्याला किंवा हंगामाला, असे चार पर्याय अर्जावरच छापावेत आणि खूण कर्जदाराने करावी. शेळी-मेंढीच्या कर्जात दहा महिने फक्त व्याज घ्यावे. स्वनिधीत साप्ताहिक पर्याय उघडावा. आणि नियमित विक्रेतीला मुदतकर्जाऐवजी सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, मिळावी : पहाटे उचल, संध्याकाळी भरणा, व्याज वापरलेल्या दिवसांचेच. मोठ्या दुकानदाराला ही सोय वर्षानुवर्षे मिळते. पालावर बसणाऱ्या बाईचा धंदा त्याहून वेगाने फिरतो.

दुसरी गोष्ट व्याज सांगण्याची. १०,००० रुपयांना 'बारा टक्के' असे तोंडी सांगतात आणि १२ महिन्यांचे १,२०० रुपये पहिल्याच दिवशी मुद्दलात मिळवून महिन्याला ९३३ रुपयांचा हप्ता बांधतात. मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर लागलेले असते. खरा वार्षिक दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. त्यात २०० रुपये प्रक्रिया शुल्क आणि २०० रुपये विम्याचे आधीच कापून ९,६०० हातात दिले, तर दर २९ टक्क्यांच्या पुढे जातो. हे टाळण्यासाठीच १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना मुख्य तथ्य विवरणपत्र, म्हणजे केएफएस, सक्तीचे झाले. सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर त्यात लिहावाच लागतो, ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते आणि सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात त्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस द्यावे लागतात.

प्रत्यक्षात टॅबवर पाने सरकतात, फोनवर ओटीपी येतो, वसुली अधिकारी तो विचारून स्वतःच टाकतो आणि संमती झाली असे धरले जाते. तीन दिवसांचा हक्क तिला माहीतच नसतो. इथे खर्चाचे काम नाही. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत तीन आकडे हवेत : हातात किती येणार, एकूण किती फेडायचे, वरचे किती गेले. वरच्या उदाहरणात ते ९,६००, ११,२०० आणि १,६०० असे येतील. तेच मराठीत वाचून दाखवणारा आवाजी संदेश तिच्या फोनवर जावा आणि तो गेल्यापासून तीन दिवस मोजावेत. टक्के समजायला शाळा लागते. तीन आकड्यांची वजाबाकी ती बाजारात दिवसातून पन्नास वेळा करते.

अंगठ्याचेही एक सांगणे आहे. माणमधल्या बायकांची सूचना बरोबर होती, पण खुरपे, वीट आणि राख यांनी बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा ओळखत नाही. चार वेळा बोट लावून 'फेल' आले की बँकमित्र, म्हणजे गावात बँकेचे व्यवहार करून देणारा प्रतिनिधी, पाचव्यांदा लावायला सांगतो. कधी पैसे खात्यातून कापलेले असतात आणि हातात पडलेले नसतात. कधी बँकमित्रच व्यवहार फसला असे सांगून रक्कम ठेवून घेतो. रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९चे परिपत्रक म्हणते की असे कापलेले पैसे ठरलेल्या दिवसांत आपोआप परत यावेत, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी. ही भरपाई न मागता खात्यात जमा व्हायला हवी. प्रत्येक प्रयत्नाची, फसलेल्याचीसुद्धा, छापील पावती सक्तीची करावी आणि डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवणारे यंत्र प्रत्येक केंद्रावर ठेवावे.

तक्रारीचा मार्ग तर सर्वात अरुंद आहे. आधी बँकेला लेखी द्यायचे, पोच घ्यायची, ३० दिवस थांबायचे, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते आणि टपालाने चंडीगडला अर्जही करता येतो. पण या लोकपाल योजनेत ५० कोटींपेक्षा कमी ठेवी असलेल्या बिगरअनुसूचित नागरी सहकारी बँका येत नाहीत. पतसंस्था तर राज्याच्या सहकार कायद्याखाली. तिथे लोकपाल नाही आणि बँकांतल्या ठेवींना असलेले ५ लाखांचे विमा संरक्षणही नाही. महाराष्ट्राच्या खेड्यात पतसंस्थेच्या पाटीवर 'बँक' लिहिलेले नसले तरी लोक तिला बँकच म्हणतात. लहान बँका लोकपालाखाली आणाव्यात आणि पतसंस्थेच्या प्रत्येक पासबुकावर 'या ठेवीला विमा नाही' अशी ओळ छापण्याविषयी आपण राज्याच्या सहकार खात्याशी बोलावे.

शेवटची मागणी परवान्याची. २००४ पासून रिझर्व्ह बँकेने नव्या नागरी सहकारी बँकांना परवाने देणे थांबवले. याचा अर्थ असा की म्हसवडच्या बायका सात-आठ वर्षे उशिरा अर्ज घेऊन गेल्या असत्या, तर व्याज तोंडी काढून दाखवूनही त्यांना बँक मिळाली नसती. ऑक्टोबर २०२५ मध्ये हा विषय पुन्हा चर्चेला घेण्याचे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले. पूर्वी बुडालेल्या बँकांचा अनुभव बघता भांडवलाची अट कडक असायला हवी, हे आम्हाला मान्य आहे. पण कष्टकरी बायकांच्या सहकारी बँकेसाठी वेगळी खिडकी ठेवावी : भांडवल पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने उभारायची मुभा, सुरुवातीला एकाच जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र आणि दर तिमाहीला तपासणी. अर्जाची मुलाखत त्या तालुक्याच्या गावी, बाजारच्या दिवशी घ्यावी, म्हणजे प्रवर्तक बायकांची मजुरी बुडणार नाही.

आपले,
छोट्या कर्जांचे कागद वाचून देणारे माण-खटाव भागातील काही कार्यकर्ते