देवमाशांचा अल्बम मधूनच ऐकू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला संगीत आणि पर्यावरणावरचा लेख आवडीने वाचला. ओव्या आणि लोकगीतांवर त्यात फार जिव्हाळ्याने लिहिलं आहे. मात्र रॉक आणि त्याचाच अधिक जड, कर्कश प्रकार असलेल्या मेटलची ‘घोषणा आणि गोंगाट’ अशी एका ओळीत बोळवण केली, ते मनाला लागलं.

पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात, 26 जुलै 2024 ला, कॉन्सिएर्जरी या जुन्या तुरुंगाच्या भिंतीवर उभं राहून वाजवणारा ‘गोजिरा’ हा मेटल बँड अनेकांनी टीव्हीवर पाहिला असेल. नैऋत्य फ्रान्समधल्या बायोनजवळची, अटलांटिकच्या कुशीत वाढलेली ही मंडळी. 2005 मध्ये त्यांचा ‘फ्रॉम मार्स टू सिरियस’ हा अल्बम आला. बारा गाणी, सदुसष्टेक मिनिटं आणि सगळ्यांतून एकच कथासूत्र: मरणाला टेकलेला ग्रह आणि त्याला पुन्हा जिवंत करण्याची वाट. मार्स, म्हणजे मंगळ, हे युद्ध; सिरियस, म्हणजे व्याधाचा तारा, ही शांती. शेवटाकडे आधी ‘फ्रॉम मार्स’ आणि लगेच ‘टू सिरियस’ अशी दोन गाणी येतात, त्यांचा क्रम बदलला तर अर्थच उरत नाही.

आवाज गर्जनेसारखा आहे आणि पहिल्यांदा तो झोंबतो, हे खरं. पण याच अल्बममधलं ‘फ्लाइंग व्हेल्स’ ऐका. सुरुवातीला देवमाशांचे लांबलचक हुंकार, त्यांत हळूच मिसळणारी गिटार. दोन मिनिटं उलटून गेली तरी शब्द नाही. आलापीची सवय असलेल्या आपल्या कानांना ही वाट पाहणं काही नवं नाही. मग ड्रम्स असे कोसळतात, की एवढ्या अवाढव्य जिवाचं वजन छातीवर जाणवतं. पर्यावरणाबद्दलची ओळ गाण्यात घालणं सोपं आहे. इथे तो प्राणीच वाद्यांतून उभा केला आहे.

आणि शेवटचं ‘ग्लोबल वॉर्मिंग’! तासाभराच्या पडझडीनंतर, आपण आपली मुलं मोठी होताना पाहू, एवढंच हे लोक पुन्हा पुन्हा म्हणत राहतात. आधीची अकरा गाणी ऐकलेली असतील तरच ते पोचतं. सुटं ऐकलं तर ती एक गोड इच्छा वाटेल, बस्स.

नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं. त्याला समुद्रात परत न्यायला माणसं दिवसरात्र राबत होती. मी बघायला गेले होते. वाळूवर पडलेलं ते काळसर, ओलं अंग आणि जोरात सुटणारा त्याचा श्वास अजून डोळ्यांपुढून जात नाही. त्या रात्री ‘फ्लाइंग व्हेल्स’ लावलं आणि ते हुंकार सुरू होताच मला रडू आलं. याला गोंगाट कसं म्हणू?

ही कळकळ गाण्यापुरतीही नाही. 2021 मध्ये ‘अ‍ॅमेझोनिया’ या गाण्याच्या वेळी वाद्यांचा लिलाव करून त्यांनी ब्राझीलच्या आदिवासी संघटनेसाठी पैसा उभा केला.

पुरवणीत एखाद्या रविवारी एकाच अल्बमवर, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकून, कुणाकडून तरी लिहून घ्यावं ही विनंती.

आपली,
एक वाचक, रत्नागिरी