कॅमेऱ्याला कोल्हापुरात यावं लागतं

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, रात्री

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू बोलत होतीस आणि मी नुसता "हं, हं" करत होतो. मला तोंडानं पटकन सुचत नाही, तुला माहीतच आहे. हातात काहीतरी धरलं की डोकं चालतं, म्हणून आज कागद घेऊन बसलोय.

"बाबा, आमच्या ॲनिमेशनच्या कामात बॅकग्राउंड सगळी एआय करतंय, मला त्यातल्या चुका पुसायला बसवलंय, चार वर्षं शिकले ते पाण्यात गेलं," असं म्हणालीस. मग गप्प झालीस. तुझी आई तेव्हापासून एकच म्हणतेय, पोरगी जेवत नसणार. जेवत जा.

आता माझं ऐक. तू बालवाडीत जायचीस त्या सुमाराला आपल्याकडं फ्लेक्सची मशिनं आली. दहा बाय चारचा बोर्ड करायला मला तीन दिवस लागायचे. पत्र्याला अस्तर, ते वाळलं की खडूची दोरी मारून ओळी, मग अक्षरं, मग शेडिंग. मशीन तेवढं काम आपला चहा पिऊन होईतोवर करून मोकळं. वर्ष-दीड वर्षात माझी दुकानदार गिऱ्हाइकं एकेक करून गेली. मी इतका चिडलो होतो की ब्रश धुवायचेही सोडले, केस दगडासारखे कडक झाले. मग पोटासाठी एका फ्लेक्सवाल्याच्याच काउंटरवर जाऊन बसलो. हे तुला मी कधी नीट सांगितलं नाही. लाज वाटायची.

तिथं येणाऱ्याचं मागणं ठरलेलं असायचं. "फोटो मोठा घ्या, खाली शुभेच्छुक टाका." वाढदिवस झाला की दोन दिवसांत तेच फ्लेक्स कुणाच्या तरी परड्यात शेणी झाकायला. आणि बिंदू चौकाकडं जाताना एका बंद पडलेल्या दुकानावर आमच्या मास्तरांनी काढलेला 'र' अजून आहे. रंग उडालाय, पण त्या 'र'ची शेपटी अशी ओढलीय की आजही मी गाडी बाजूला घेऊन बघतो. मागून हॉर्न वाजतात.

तरी खोटं कशाला बोलू? फ्लेक्सनं पोटावर मारलंच. तुझ्या धंद्यातही काही कामं जातील, काही गेलीच असतील. "काही होत नाही गं" असं म्हणणारा बाप मी नव्हे.

हातात परत ब्रश आला तो गंगावेशीच्या कुंभार गल्लीमुळं. गणपतीचे डोळे आखायला त्यांना माणूस कमी पडत होता. तू लहानपणी माझ्यासोबत यायचीस, शाडूच्या ढिगावर बसून पाय हलवायचीस, म्हणून तुला हे सांगायला नको, पण आज वेगळ्या कारणानं सांगतो. एका साच्यातून शे-दोनशे मूर्ती निघतात. सोंड तीच, पोट तेच, मुकुटाची नक्षी तीच. एकासारखं दुसरं काढायची सोय आपल्याकडं कधीचीच आहे, त्यासाठी संगणक लागला नाही. तरी घरची माणसं मूर्ती ठरवायला येतात तेव्हा एकाच साच्याच्या वीस गणपतींसमोरून तासभर फिरतात. "हा जरा रागीट वाटतोय." "ह्याच्या डोळ्यांत बघा." शेवटी एकापाशी थांबतात आणि म्हणतात, "हा आपल्याकडं बघतोय."

तो बघतो कसा? आधी पांढरं लावायचं, वाळू द्यायचं. मग वरच्या पापणीची रेघ एका श्वासात. नाकाकडून सुरू करायची आणि कानाकडं सोडताना ब्रशवरचा दाब हलका करत न्यायचा. केसभर खाली आली तर बाप्पा पेंगुळलेला, केसभर वर गेली तर दचकलेला. बुबुळ अगदी मधोमध ठेवलं तर तो कुठंच बघत नाही. थोडं खाली घेतलं की पाटासमोर बसलेल्या पोराकडं बघतो. हे मला कुणी मापानं सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी माझे डोळे सगळे मधोमध. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं मला खांद्याला धरून जमिनीवर बसवलं आणि म्हणाला, "पोरगं इथनं बघणार हाय. इथनं बघ." खाली बसून वर बघितलं, आणि कळलं.

मी ह्या एआयच्या नावानं नुसताच बोटं मोडतोय असं समजू नको. करून बघितलंय. 2025 च्या मार्चमध्ये ती घिबलीची लाट आली होती, त्या जपानी ॲनिमेशन स्टुडिओच्या ढंगाचं चित्र करून घ्यायला जो तो आपला फोटो एआयमध्ये घालत होता. धाकट्यानं आपल्या घरचा घातला. मी बरा दिसत होतो, तुझी आई तर दहा वर्षांनी लहान. पण आज्जीच्या कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण गायब! मशीनला डाग वाटला असावा. आज्जीनं फोन हातभर लांब धरून बघितलं आणि विचारलं, "ही कुणाची म्हातारी?"

धाकट्यानं मग मला ते कसं चालतं ते सांगितलं. अब्जावधी चित्रं आणि त्यांच्यासोबतच्या ओळी दाखवून त्याला तयार करतात. मग जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, तशा ठिपक्यांपासून सुरुवात करून ते एकेक थर पुसत जातं आणि आपण लिहिलेल्या शब्दांना शोभेल असं काहीतरी वर येतं. म्हणजे 'म्हातारी' म्हटलं की पुष्कळदा बघितलेली म्हातारी येणार. आटपाडीकडची, गोंदलेली, एक दात सोन्याचा असलेली अशी नेमकी आपली म्हातारी येईल कशी? आपण एकेक खूण लिहून दिली तर येईलही बहुतेक. पण मग ती खूण बघितली कुणी? आपणच. आणि हो, आधी त्याच्या चित्रांत हाताला सहा बोटं यायची, आता तीही बरीचशी बरोबर येतात. सहा बोटांवर हसून ज्यांनी समाधान करून घेतलं त्यांची पंचाईत झालीय.

मला राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. त्याच घिबलीच्या सिनेमातला भूकंपानंतरच्या गर्दीचा शॉट तूच मला दाखवला होतास, 2013 च्या सिनेमातला. चार सेकंदांचा. "बाबा, हा एका माणसानं एक वर्ष तीन महिने काढला," असं तू म्हणालीस आणि मी परत परत मागं नेऊन बघत बसलो. प्रत्येक माणूस आपापल्या घाईत. कुणी ओझं सावरतंय, कुणी वळून बघतंय. त्या लोकांनी जन्म घालवून जी नजर कमावली ती एका आठवड्यात सगळ्यांच्या डीपीवर येऊन बसली, आणि त्यांना कुणी साधं विचारलंही नाही. आमच्यात दुसऱ्या पेंटरची अक्षराची ढब उचलली तर निदान चहा पाजायची पद्धत होती.

तू लगेच म्हणशील, बाबा, मशीनला नावं ठेवायची तर कोल्हापुरात राहून ठेवू नका. बरोबर आहे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्यासमोर उभा राहून मी मशीन वाईट म्हणू कसा? बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवणारे. सिनेमाचं वेड त्यांना आणि त्यांचे भाऊ आनंदराव ह्यांना, दोघांना मिळून. आनंदराव 1916 साली गेले. मग बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा इथंच बनवला आणि 1920 मध्ये त्यांचा पहिला चित्रपट लोकांनी बघितला. चित्रकार माणूस, पण यंत्राला घाबरला नाही.

ह्यावर मी दोन दिवस विचार करतोय. कॅमेराही मशीन, हेही मशीन, मग मला तो आपला का वाटतो आणि हे परकं का? मला वाटतं कॅमेऱ्याला जावं लागतं. पंचगंगेचा घाट हवा तर त्याला घाटावर नेऊन उभा करावा लागतो, ऊन येईपर्यंत थांबावं लागतं, म्हैस मधे आली तर तिला हाकलावं लागतं किंवा तीच ठेवावी लागते. कॅमेऱ्याला कोल्हापुरात यावं लागतं. हे जे नवीन आहे ते कुठंच गेलेलं नाही. दुसरे जाऊन आले त्यांच्या चित्रांवर ते बोलतं.

चित्रकार आबालाल रहिमान आठव. मुंबईला जे. जे. मध्ये शिकले आणि परत येऊन रंकाळ्याच्या काठानं हिंडत बसले. तोच तलाव, तोच पाण्यातला संध्यामठ, पुन्हा पुन्हा. तुला टाउन हॉलच्या म्युझियममध्ये नेलं होतं, तेव्हा तू विचारलंस, "एकच जागा किती वेळा काढायची?" मला तेव्हा उत्तर आलं नव्हतं. परवा धाकट्याला म्हटलं, त्या एआयला संध्यामठ काढायला सांग. दगडी मंडप आला, पाणी आलं, संध्याकाळ आली, पाण्यात गुलाबी कमळंही आली. रंकाळ्यात जलपर्णी काढून काढून लोक दमले, आणि ह्याला कमळं! चित्र दिसायला देखणं होतं, नाही म्हणत नाही. पण पावसाळ्यात मठ किती बुडतो आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की दगडावर ओलीची रेघ कुठं राहते, ते त्या चित्रात नव्हतं. ती रेघ दर महिन्याला खाली-वर होते. तेव्हा तुला द्यायचं उत्तर हे होतं, तितक्या वेळा काढायची.

आता तुझं. तिसऱ्या वर्षाचा तुझा तो नऊ सेकंदांचा शॉट माझ्या फोनमध्ये आहे. कुणी दुकानात आलं की मी दाखवतो, तुझ्या आईला वाटतं मी फार दाखवतो. आज्जी जमिनीवरून उठते, एवढंच त्यात आहे. सेकंदाला चोवीस फ्रेम, एक चित्र दोन फ्रेमला धरलं तर नऊ सेकंदांना एकशे आठ चित्रं, हा हिशेब तूच मला शिकवलास. त्यासाठी तू दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वही घेऊन बसली होतीस आणि आज्जी ओरडायची, "माझ्याकडं बघत काय बसलीस, लसूण सोल."

आज्जी लगेच उठतच नाही. आधी पदर खोचते. मग डावा हात फरशीवर, उजवा गुडघ्यावर. अर्धी उठते आणि थांबते. तिथं तू सहा चित्रं जागच्या जागी धरलीस, म्हणजे अर्धा सेकंद. सरांनी सांगितलं होतं, इथं रेंगाळतंय, कापून टाक. तू कापलं नाहीस. मग कंबर वर येते, आणि पाठ सगळ्यात शेवटी सरळ होते, तीही पूर्ण नाही. त्या अर्ध्या सेकंदाला मी प्रत्येक वेळी अडकतो. माझी आई आहे ती. बहात्तरच्या दुष्काळात माहेरी खडी फोडलेला गुडघा आहे तो. तुला मी ते कधी सांगितलं नव्हतं, तरी तुझ्या चित्रात आला. कारण तू उंबऱ्यावर होतीस.

मशीनला 'म्हातारी उठते' सांगितलं तर म्हातारी उठेल. छान उठेल. थांबेल का, आणि थांबली तरी कशासाठी थांबली?

नोकरीचं म्हणशील तर रागाच्या भरात सोडू नको. मी ब्रश वाळवून दीड वर्ष घालवलं, त्यातून काही मिळालं नाही. चुका पुसायला बसवलंय तर पूस, पगार घे, आणि ते हत्यार कसं चालतं ते नीट शिकून ठेव. बाबूरावांनी कॅमेरा खोलून बघितल्याशिवाय बनवला नसणार. एक गोष्ट मात्र तुझ्या साहेबांच्या कानावर घाल. मी पेपरात वाचलं, अमेरिकेतल्या अपील कोर्टानं मार्च 2025 मध्ये निकाल दिला की ज्या चित्राचा कर्ता माणूस नाही त्याला कॉपीराइट मिळणार नाही. साहेबांना आज्जीचा गुडघा कळणार नाही, हे कळेल.

वही मात्र बंद करू नको. पुण्यात तुझ्या खोलीखाली तो भाजीवाला बसतो म्हणालीस ना, एका हाताला दोनच बोटं असलेला, आणि तरी पिशवीला गाठ मारतो. ती गाठ कशी मारतो ते मला बघायचंय. पंधरा-वीस चित्रांत काढून पाठव, मोबाइलवर चालेल.

इथलं ठीक. एका तालमीची भिंत मिळालीय, हनुमान आणि खाली नाव. फ्लेक्स दोन पावसाळे टिकला नाही म्हणून परत माझ्याकडं आले. अक्षरं साडेतीन फुटी आहेत आणि दोरीचं दुसरं टोक धरायला धाकट्याला वेळ नाही, तेव्हा शनिवारी येणार असशील तर कळव.

आज संध्याकाळी आज्जीला तुझा तो शॉट परत दाखवला. इतके दिवस तिला वाटत होतं ती कुणीतरी दुसरीच बाई आहे. मी म्हटलं, अगं आई, ही तूच. तिनं दोनदा बघितला. मग फोन माझ्या हातात दिला, डावा हात फरशीवर टेकला, उजवा गुडघ्यावर ठेवला, अर्धी उठली, थांबली, आणि तिथूनच माझ्याकडं बघून म्हणाली, "मी अशी उठते व्हय रं?"

तुझे,
बाबा