अण्णांचं झाड

कोथरूड, पुणे
श्रावण

प्रिय सुहास,

तीन आठवडे हे पत्र टाळतोय. सोसायटीत अण्णांच्या नावाने लावलेला बहावा वाळला. मेमध्येच. तू फोनवर विचारलंस तेव्हा "मस्त आहे" म्हणालो, ती थाप होती.

पाटी मात्र झकास आहे. ग्रॅनाइटची, एक अक्षर हललेलं नाही.

वर्षश्राद्धालाच लावायचं म्हणून एप्रिलच्या उन्हात रोप लावलं, तिथेच चुकलो. हार, फोटो, पेढे झाले आणि रोज पाइप दोन मिनिटं धरून वरची माती तेवढी भिजत राहिली. जूनमध्ये काढायला गेलो तर एका हाताने वर आलं. खाली नर्सरीची काळी पिशवी तशीच! मुळं आतल्या आत गोल फिरून स्वतःलाच आवळून बसलेली. फोटोच्या गडबडीत पिशवी फाडायची राहिली, आणि रोप खड्ड्यात ठेवणारे हात माझेच होते रे. आळंदीच्या अजानवृक्षाची गोष्ट अण्णा किती रंगवून सांगायचे! माउलींच्या गळ्याला लागलेली मुळी नाथांनी सोडवली, ती. तीच आठवली. तिथेच बसून राहिलो.

या खेपेला चांगले दोन-चार पाऊस होऊ दिले. कमिटीत गुलमोहराची टूम निघाली. तो मूळचा मादागास्करचा. मेमध्ये देखणा दिसतो, पण वादळी पावसात फांदी कुणाच्या गाडीवर पडेल नेम नाही. मी बकुळीवर अडून बसलो. सावकाश वाढते, मान्य. पण फिरून येताना रुमालात बकुळीची फुलं कोण आणायचं, सांग? सुकली तरी कपाटात वास राहायचा.

जागाही बदलली. बकुळ मोठी होते, आणि उद्या अडचण झाली म्हणून कुऱ्हाड चालवता येत नाही. १९७५ च्या कायद्याने महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणून ड्रेनेजचं चेंबर, विजेच्या तारा सगळं आधीच बघून घेतलं.

तीन फूट खणायचं ठरलं, तर फुटावरच पहार खणकन वाजली. बांधकामाचा राडारोडा! विटा, फरशीचे तुकडे, घट्ट झालेलं सिमेंट, अकरा घमेली निघाली. जुन्या जागीही हेच असणार. बहाव्याने बिचाऱ्याने मुळं पसरली तरी कुठे असती? मग पोयटा आणि शेणखत भरलं. पिशवी ब्लेडने मीच कापली, दोनदा खात्री केली. वर पाचोळा पसरला, बुंध्याला न टेकवता. टेकला की साल कुजते. दोन बांबू रोवले. तारेने साल कापली जाते म्हणून काकूंनी अण्णांच्या धोतराची पट्टी फाडून दिली, ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधली. शेजारी बुडाला भोक पाडलेलं मडकं पुरलंय. पाऊस उघडला की ते भरायचं, पाणी झिरपत मुळांशी जातं.

पुढचे तीन उन्हाळे जपायचंय. मडकं भरायच्या पाळ्या लावल्यात, रविवार माझा. काकू पाळीत नाहीत, तरी रोज संध्याकाळी खाली येऊन झाकण उचलून बघतात. कालच चार नवी पानं फुटली. तांबूस आहेत, किडीने खाल्लेली नाहीत अजून.

एकच राहिलं. पाटीवर जुन्या झाडाची तारीख आहे. काकू म्हणतात, सुहासला विचार. बदलू की राहू दे, ते कळव.

तुझा,
मोहन