उपवासात वाचलेले पैसे त्याच दिवशी बाजूला काढा

महोदय,

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आम्हा कॅथलिक घरांत मटण बंद होते आणि ताटात पापलेट येते. नियम पाळला जातो, खर्च मात्र तेवढाच राहतो आणि गरजू घरापर्यंत काहीच पोहोचत नाही. याचे फार वाईट वाटते.

चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेचा (कायदेसंग्रहाचा) नियम सौम्य आहे. १४ वर्षे पूर्ण झालेल्यांनी राखेच्या बुधवारी (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि शुक्रवारी मांस वर्ज्य करावे. १८ ते ५९ वयाच्यांनी राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडे) उपवास करावा, म्हणजे एकदा पोटभर जेवण आणि दोनदा थोडे, तेही मिळून एका जेवणापेक्षा कमी. आजारी माणसांना, गरोदर स्त्रियांना सूट आहे. मधुमेह्याने हट्ट धरू नये. देवाची कृपा उपाशी राहून कमावता येत नाही. बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ती देणगी म्हटली आहे, आणि लगेच पुढे सत्कृत्यांचा उल्लेख येतो.

म्हणून शुक्रवारच्या अर्धा किलो मटणाचे पैसे त्याच संध्याकाळी वेगळ्या पाकिटात टाकावेत. महिनाअखेरीस काढू म्हटले की ते किराण्यात जिरतात. पाकीट आपल्या धर्मग्रामातील (चर्चच्या स्थानिक विभागातील) सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी या सेवाभावी संस्थेकडे द्यावे. तिचे सभासद गरजूंच्या घरी जाऊन भेटतात, त्यामुळे नेमकी गरज त्यांना कळते. धान्यवाटपाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणे कृपया थांबवा. घेणाऱ्याची मुलेही ते पाहतात.

— एक ख्रिस्ती कुटुंब, वसई