सरस्वती–खान काठावरील खजिनाशोध पदभ्रमणासाठी साहाय्याचे आवाहन

इंदूरमधील सर्व मराठी बंधुभगिनींस सप्रेम नमस्कार.

जुन्या इंदुरातून येणारी सरस्वती आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून (होळकरांच्या स्मारकांजवळून) वाहणारी खान, जिला आता सरकारी कागदोपत्री कान्ह म्हटले जाते, या दोन नद्यांच्या काठाने येत्या संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसात वाजता एक खजिनाशोध पदभ्रमण आमच्या मंडळाने योजले आहे. शाळकरी मुले आणि त्यांच्या घरातील वडीलधारी माणसे यांनी मिळून गट करावयाचा आहे. प्रत्येक गटाला आरंभी हाताने काढलेला नकाशा व एक कोडे मिळेल, कोड्याचे उत्तर म्हणजे काठावरील किंवा काठाजवळील एखादी वास्तू असेल, आणि तेथे उभा असलेला स्वयंसेवक उत्तर तपासून पुढील कोडे हाती देईल. उदाहरणार्थ, एक कोडे असे आहे: ‘माझ्या नावाला वाळवंट नाही, भीमाही नाही, तरी माझ्या हाकेच्या अंतरावर पंढरीनाथ उभा आहे.’ उत्तर जुन्या इंदूरकरांना सांगावयास नकोच. पण रोज चंद्रभागा पुलावरून शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी किती जणांना ते सुचेल, याविषयी आम्हांला शंका आहे, आणि या उपक्रमाचे कारणही तेच आहे.

या शहराचा इतिहास बहुधा राजवाड्यापासून सांगितला जातो. तो नदीपासून सांगितला तर अधिक नीट उलगडतो, असे आमचे मत आहे. होळकरांच्या आधी जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांची वस्ती जुन्या इंदुरात होती आणि त्यांच्या वंशजांचा वाडा, बडा रावला, आजही तेथे आहे. ज्या इंद्रेश्वराच्या मंदिरावरून गावाला नाव मिळाले असे मानले जाते, ते मंदिरही पंढरीनाथाच्या परिसरातच आहे. १८१८ मध्ये मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. दक्षिणेतून आलेल्या आपल्या पूर्वजांनी येथे पंढरीनाथ वसवला आणि नदीवरच्या पुलाला चंद्रभागेचे नाव मिळाले. हरसिद्धीचे मंदिर याच वाटेवर आहे. पुढे कृष्णपुऱ्यास महाराणी कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या छत्र्या अगदी पाण्याला लागून उभ्या आहेत; तेथील दगडात कोरलेले शिपाई आणि वादक जवळून पाहिल्याखेरीज सुटणार नाही, असे कोडे आम्ही मुद्दाम घातले आहे. संपूर्ण वाट तीन किलोमीटरांच्या आत आहे.

या उपक्रमाची कल्पना सुचण्यामागे एक जुनी हकिकत आहे. तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना शहराचा आराखडा करण्यासाठी पाचारण करण्यात आले होते आणि त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये इंदुरातच छापला गेला. शहरात प्लेगची धास्ती होती. लोकांना भिंतीवरची फर्माने लावून स्वच्छता शिकवता येणार नाही, हे या गृहस्थांनी ओळखले आणि दिवाळीच्या सुमारास एक मिरवणूक काढली. जो भाग सर्वांत चांगला झाडूनपुसून, डागडुजी करून ठेवला जाईल, त्याच भागातून मिरवणूक जाईल, असे त्यांनी आधी जाहीर केले. त्यामुळे घराघरांतून कचऱ्याच्या गाड्या भरून निघाल्या. मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता, घाणीचा राक्षस होता, आणि पांढरेशुभ्र कपडे घातलेले, हारतुरे ल्यालेले सफाई कामगारही मानाने चालत होते. शेवटी राक्षसाचे दहन झाले आणि लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. आज देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून आपण जो अभिमान बाळगतो, त्याची ही पूर्वपीठिका आपल्याच मुलांना ठाऊक नसावी, हे बरे नव्हे.

नदीच्या आजच्या स्थितीविषयी गोड बोलण्याचे कारण नाही. सांडपाण्याचे नाले अडवण्याचे मोठे काम झाल्यावर २०२१ मध्ये इंदूर हे देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर, म्हणजे प्रक्रिया न केलेले सांडपाणी नदीनाल्यांत न सोडणारे शहर, ठरले, हे खरे. तरी हे पाणी ओंजळीत घ्यावे असे नाही, आणि तेच पाणी पुढे उज्जैनजवळ शिप्रेला मिळते. म्हणून कोणत्याही कोड्यासाठी कोणालाही पायऱ्या उतरून पाण्यापाशी जावे लागणार नाही, आणि काठावर प्रत्येक ठिकाणी प्रौढ स्वयंसेवक असतील. खजिन्यात चॉकलेटचा डबा ठेवावा अशी सूचना आली होती. ती आम्ही मान्य केली नाही. शेवटच्या ठिकाणी पोहोचणाऱ्या प्रत्येक गटाला, क्रमांक कोणताही असो, मातीच्या कुंडीतील तुळशीचे रोप मिळेल.

आता मागणे. नकाशे व कोड्यांच्या पत्रकांची छपाई, प्रथमोपचाराची पेटी व एक परिचारिका, ज्यांना सबंध वाट चालवणार नाही अशा ज्येष्ठांसाठी दोन ई-रिक्षा, आणि शेवटी सर्वांना पोहे-जलेबी व तिळगूळ, एवढाच खर्च आहे. सहभागासाठी शुल्क ठेवावयाचे नाही, असा कार्यकारिणीचा निर्णय आहे. कारण शुल्क लावल्यास जी मुले या काठावरच राहतात, तीच घरी बसतील. अंदाजे साठ हजार रुपये लागतील. कोणीही यथाशक्ती, अगदी शंभर रुपयेही, दिले तरी ते कृतज्ञतापूर्वक स्वीकारले जातील. ज्यांना पैशांऐवजी वस्तू द्यावयाच्या असतील, त्यांनी कुंड्या, तुळशीची रोपे किंवा छपाईचा कागद द्यावा.

पैशांहून अधिक निकड माणसांची आहे. वाटेवरील ठिकाणांवर उभे राहण्यासाठी वीस स्वयंसेवक हवेत. मराठी आणि हिंदी दोन्ही बोलता येणारे असल्यास उत्तम, कारण शेजारची मुले दोन्ही भाषांतून विचारणार. याखेरीज, ज्यांचे बालपण या काठावरच्या वाड्यांत किंवा रामबागेत गेले, अशा ज्येष्ठांनी नदीच्या, पुराच्या, घाटांवरील सणवारांच्या आठवणी आम्हांला सांगाव्यात आणि घरात जुनी छायाचित्रे असल्यास ती प्रत काढण्यापुरती द्यावीत. मूळ छायाचित्रे त्याच बैठकीत, तुमच्यासमोर प्रत घेऊन परत केली जातील. ती मंडळात ठेवून घेतली जाणार नाहीत.

देणगी मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी सहा ते आठ या वेळेत रोख किंवा धनादेशाने द्यावी व छापील पावती अवश्य मागून घ्यावी. पदभ्रमणानंतर पंधरा दिवसांत जमाखर्च कार्यालयाच्या फलकावर लावला जाईल, आणि रक्कम उरल्यास ती वाटेवरील वास्तूंची माहिती देणारी मराठी-हिंदी पुस्तिका छापण्यासाठीच वापरली जाईल. स्वयंसेवकांनी आपली नावे डिसेंबरअखेर नोंदवावीत. त्यानंतर त्यांना एकदा सबंध वाट चालवून दाखवायची आहे.

आपले नम्र,
कार्यकारिणी सदस्य