न्यूमोनियाने गेलं की कुपोषणाने? मेळघाटातल्या मुलांबद्दल खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री आणि मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार,

पत्र मुद्दाम दोघांना मिळून लिहितोय, कारण हा विषय तुमच्या दोन खात्यांच्या मध्येच अडकून पडतो. १९९३ ला मेळघाटातले बालमृत्यू पेपरात गाजले, तेव्हापासून सरकार कुठलंही असो, उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं की मुलं कुपोषणाने नाही, आजाराने गेली. कागदावर बरोबरही असेल ते. पण न्यूमोनिया पुण्यामुंबईच्या पोरांनाही होतो, जुलाब कुणाच्या पोराला होत नाहीत? ती आठवड्याभरात खेळायला लागतात आणि धारणी-चिखलदऱ्यातलं मूल जातं, ते का?

अंगात काही शिल्लकच नसतं म्हणून. पोटात अन्न नाही तर शरीर जंतूंशी लढू शकत नाही, ताप आला की भूक मरते, थोडंफार खाल्लेलं जुलाबात जातं, वजन उतरतं आणि ते भरून यायच्या आत दुसरा आजार येतो. त्यात सगळ्यात भीतीदायक गोष्ट म्हणजे अतितीव्र कुपोषित बाळाला इन्फेक्शन झालं तरी कित्येकदा ताप येतच नाही, उलट अंग गार पडतं. आई बिचारी ताप नाही म्हणून थांबते, थर्मामीटरवरही काही दिसत नाही, आणि मग एकदम रात्रीत बाळ मलूल होतं, तेव्हा बाहेर पाऊस, नाल्याला पूर. अशा वेळी ती आधी भुमकाकडे, म्हणजे गावच्या वैदू-मांत्रिकाकडे गेली तर तिला अडाणी म्हणू नका प्लीज, तो गावात असतो, डॉक्टर लांब असतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच वर्षांखालच्या मुलांच्या जवळपास निम्म्या मृत्यूंमागे कुपोषण असतं. आपल्याकडच्या दाखल्यावर मात्र फक्त न्यूमोनिया. आणि हे एकट्या मेळघाटाचं नाही हो, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं महाराष्ट्रात २०१५-१६ ला २५.६ टक्के होती, २०१९-२१ ला पण २५.६ टक्केच, आणि त्यातली अतितीव्र, एकूण मुलांच्या ९.४ टक्क्यांवरून १०.९ टक्क्यांवर गेली.

अंगणवाडी सेविका वजन घेऊन पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकते, ती तुमच्यातल्या एकांच्या खात्याची. आशाताई जुलाबाच्या बाळाला ओआरएस देते, ती दुसऱ्यांच्या. दोघी एकाच गावातल्या, पण कुठलं आजारी बाळ मुळात कुपोषित आहे ही यादी एकत्र कुठे असते? कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबं होळीला परततात, तेव्हा त्यांच्या मुलांचं मधल्या महिन्यांचं वजनही कुणाकडे नसतं, लसही राहून गेलेली असते.

उपाय माहीत नाही असं तर अजिबात नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच बायकांना बाळाचे श्वास मोजायला, न्यूमोनियाचं औषध द्यायला, नवजात बाळाला घरी जाऊन तपासायला शिकवलं आणि बालमृत्यू कमी करून दाखवले. पुढे २०११ ला देशभरातल्या आशांना नवजात बाळांच्या घरभेटींचं काम मिळालं, ते त्यातूनच. शोध आपल्याच राज्यातला, मेळघाट पण आपल्याच राज्यात.

म्हणून मागणी साधी आहे. पावसाळ्याच्या आधी प्रत्येक पाड्यावर आशा आणि सेविकेची एकच यादी करा, दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणजे अतितीव्र कुपोषित असलेलं बाळ ताप असो नसो, लगेच डॉक्टरांना दाखवायचं. जुलाब थांबले म्हणून सोडून न देता झिंक पूर्ण १४ दिवस, आणि तेवढे दिवस जास्तीचं खाणं, अंडं, तेल घालून. जंगलातल्या पाड्यांवर हा साठा जूनच्या आत पोचलेला पाहिजे, नंतर रस्ते बंद होतात. आणि प्रत्येक बालमृत्यूच्या नोंदीत आजाराच्या शेजारी मुलाचं शेवटचं वजन आणि दंडाचा घेर लिहिणं सक्तीचं करा. नागपूरच्या पुढच्या अधिवेशनात मेळघाटाचा प्रश्न आला की आजाराच्या नावाबरोबर ते आकडेही सभागृहात वाचून दाखवा.

आपला,
अमरावती जिल्ह्यातला एक नागरिक